पेशंट पाकिस्तानी आहे, पण कुठला? आखातात निघालेल्या नर्सेससाठी

2011 सालच्या फेब्रुवारीतली रात्रपाळी. शारजातल्या एका दवाखान्याच्या इमर्जन्सीत मी ट्रायाजला, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवायच्या टेबलावर, बसले होते. पन्नाशीचा एक ट्रेलर ड्रायव्हर आला. उंच, गोरा, दाढीला मेंदी, डाव्या हाताची मूठ छातीवर. मी मिरजेच्या हिंदीत विचारलं, "दर्द कितना है, चाचा?" तो म्हणाला, "ज्डं... ज्डं." मला ऐकू आलं "जरा". जरा दुखतंय म्हणून मी दुखण्याला दहापैकी दोन मार्क दिले आणि त्याला बाकड्यावर बसवलं.

मॉप ढकलत चाललेला, पाकिस्तानातल्या मर्दानचा सफाई कामगार थांबला. "सिस्टर, ये दिल बोलता है."

पश्तोत हृदयाला ज्डं म्हणतात. ईसीजी काढला आणि त्याला कॅथलॅबला, हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात तिथं, पळवला. माणूस वाचला. मी मात्र ड्युटी संपल्यावर होस्टेलच्या जिन्यात बसून रडले. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या लक्ष्मी मार्केटमधून आणलेली खाकी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, "ज्डं = हृदय. छाती 'जड' आहे असं लक्षात ठेवणे." ती वही अकरा वर्षांत भरली. पुढचं सगळं तिच्यातलंच आहे. आमच्या भागातून दरवर्षी किती पोरी, आणि आता पोरंही, नर्सिंग करून आखातात जातात. परीक्षा, व्हिसा, डेटाफ्लो (सर्टिफिकेटांची पडताळणी) सगळं क्लासवाले सांगतात. तिथं निम्मा वॉर्ड पाकिस्तानी निघाला तर त्यांच्याशी बोलायचं कसं, हे कुणी सांगत नाही.

आधी हे डोक्यातून काढा

"पाकिस्तानी म्हणजे उर्दू, म्हणजे आपली हिंदीच की" असं समजून मी गेले होते. उर्दू ही तिथली राष्ट्रभाषा, शाळेची, टीव्हीची, दोन अनोळखी माणसांनी एकमेकांशी बोलायची भाषा. पण 2023 च्या त्यांच्या जनगणनेत उर्दू मातृभाषा सांगणारे शंभरात नऊच्या आसपास आहेत. पंजाबी साधारण 37, पश्तो 18, सिंधी 14, सराइकी 12. उरलेल्यात बलोची, हिंदको, ब्राहुई आणि उत्तरेच्या डोंगरातल्या कितीतरी. बरं, आखातात मजुरीला, ड्रायव्हिंगला येतो तो खेड्यातला माणूस. त्याची उर्दू म्हणजे जतच्या म्हाताऱ्याची हिंदी समजा. कामापुरती. दुखायला लागलं की ती पहिली गळून पडते. कळ आली की माणूस आईच्या भाषेत ओरडतो, आपणही "आई गं" म्हणतोच.

म्हणून पहिला प्रश्न "उर्दू आती है?" हा नको. पहिला प्रश्न "आप कहाँ के हो?" पाकिस्तान असं उत्तर आलं तर पुन्हा, "वो तो है, ज़िला कौनसा?" जिल्हा विचारला की चेहरा उजळतो. आपल्याला कुणी "महाराष्ट्र?" विचारण्यात आणि "सांगली का मिरज?" विचारण्यात जो फरक आहे तोच.

जिल्हा कळला की भाषा जवळपास कळली. स्वात, मर्दान, दीर, वझिरिस्तान म्हणजे पश्तो. गुजरात (हो, त्यांच्याकडंही गुजरात नावाचा जिल्हा आहे, पहिल्यांदा मीही फसले), सियालकोट, फैसलाबाद म्हणजे पंजाबी. मुलतान, डेरा गाझी खान, बहावलपूर म्हणजे बहुतेक सराइकी. लारकाना, दादू, खैरपूर म्हणजे सिंधी. तुरबत, पंजगूर, ग्वादर म्हणजे बलोची. कराचीत मात्र काहीही निघू शकतं, मुंबईसारखं. आणि अबोटाबाद-मानसेहराचा गोरा, उंच माणूस दिसला की लगेच "पठाण" म्हणू नका. तो हिंदकोवाला असू शकतो, आणि हिंदको पंजाबीच्या जवळची, पश्तोच्या नाही.

सिंधी: इथं मराठी माणसाला लॉटरी आहे

सुरुवात सिंधीपासून करा असं मी प्रत्येकीला सांगते, कारण पहिल्याच दिवशी धीर येतो. माझ्याकडं दादू जिल्ह्यातली एक म्हातारी ॲडमिट होती. मुलगा बाहेर गेला आणि ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुंहिंजो नालो छा आहे?" मी सलाईन लावता लावता थबकले. आहे! सिंधीत "आहे" म्हणजे आहेच. "तुझं नाव काय आहे" असं विचारत होती ती. मी सांगितलं, "मुंहिंजो नालो" आणि पुढं माझं नाव, आणि शेवटी मनापासून "आहे". त्या दिवसापासून मी तिची लेक.

वॉर्डात लागतं ते एवढं. "सूर किथे आहे?" म्हणजे दुखतंय कुठं. सूर म्हणजे वेदना, आपल्याकडचा गाण्यातला सूर नाही. वडीलधाऱ्याला "तव्हां कीअं आहियो?" म्हणजे कसे आहात. तपु म्हणजे ताप. मथो म्हणजे डोकं, आपला माथा. पाणी म्हणजे पाणी, तेही ण लावून. उर्दूवाला "पानी" म्हणतो. सिंधी आणि पंजाबी माणूस आपल्यासारखंच पाणी म्हणतो आणि आपण ण स्वच्छ उच्चारला की खूश होतो.

एक गोष्ट घोटून घ्या, ती औषधाच्या चार्टवर पडते. हिंदी-उर्दूत "कल" म्हणजे कालही आणि उद्याही. ताप कधी आला, गोळी कधी घेतली, डायलिसिस कधी आहे, सगळ्याला कल. सिंधीत हा घोळ नाही. काल्ह म्हणजे काल, सुभाणे म्हणजे उद्या. पश्तोतही वेगळे शब्द आहेत, परून म्हणजे काल आणि सबा म्हणजे उद्या. पेशंट उर्दूत "कल" म्हणाला की मी त्याच्या भाषेतला शब्द टाकून खात्री करून घ्यायचे. नाहीतर सरळ वार विचारायचा.

अवघड आहेत ते सिंधीचे आत ओढलेले आवाज. मूल म्हणजे "बार", पण तो ब ओठ मिटून घोट गिळल्यासारखा आत घ्यायचा. दात म्हणजे "डंद", जीभ म्हणजे "जिभ", तिथंही तसंच. त्यांच्या लिपीत या आवाजांना स्वतंत्र अक्षरं आहेत, एकूण अक्षरं 52. आपल्याला ते जमले नाहीत तरी अडत नाही, ऐकताना ओळखू आले म्हणजे झालं.

सरावासाठी मिरज सोडून लांब जायची गरज नाही. कोल्हापूरला गेलात तर गांधीनगरात उतरा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची ती पेठ. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जातोच. मालक आपल्याशी मराठीत बोलतो आणि गल्ल्यावरच्या भावाशी सिंधीत. साड्या उलगडायला लावा आणि कान तिकडं ठेवा. मी माझ्या धाकट्या नणंदेच्या बस्त्याला तीन तास काढले. नणंद वैतागली, पण मला दहा शब्द मिळाले.

आणखी एक. कराचीचा एक निवृत्त क्लार्क पेशंट होता, "मी एनजेव्ही शाळेत शिकलो" असं अभिमानानं सांगायचा. एनजेव्ही म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. मी शोधून काढलं. नारायण जगन्नाथ वैद्य! सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, 1936 पर्यंत होता, आणि हे वैद्य तिकडं शिक्षण खात्यात होते. शाळा 1855 ची. त्याला हे सांगितल्यावर तो येईल त्याला सांगत सुटला की माझ्या शाळेचं नाव या सिस्टरच्या भाषेतलं आहे.

पश्तो: च चमच्यातला

पश्तोला लोक घाबरतात. सिंधी-पंजाबीसारखी ती आपल्या घरातली नाही, फारसीच्या गोतातली आहे. तरी मराठी माणसाकडं एक हत्यार आहे जे दिल्ली-लखनौच्या नर्सकडं नव्हतं. आपले च आणि ज दोन-दोन आहेत. चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा. जेवणातला ज वेगळा, जहाजातला वेगळा. पश्तोत हा चमच्यातला च आहे. "चंगा ये?" म्हणजे कसा आहेस, आणि तो च "चांगला"मधला उच्चारा, अगदी बरोबर बसतो. पेशावर-स्वातकडं तोच शब्द "संगा" होतो. आपण कंदाहारी थाटात "चंगा" म्हटलं तरी समजतात, आणि हसतात.

लिहिताना मी अक्षरावर टिंब दिलंय तिथं शेवटचा स्वर आपल्या "कुठं", "तिथं"मधला समजा. ओबं म्हणजे पाणी. ज्डं म्हणजे हृदय, ज जहाजातला. "दर्द चरता दे?" म्हणजे दुखतंय कुठं. हो म्हणजे हो, ना म्हणजे नाही, एवढी सोय देवानं करून ठेवली आहे. मोर म्हणजे आई, प्लार म्हणजे वडील, रोर म्हणजे भाऊ (लिहिताना त्याच्याआधी व असतो), खोर म्हणजे बहीण. "मनना" म्हणजे आभार.

स्वतःच्या भाषेला तो पख्तो म्हणाला तर पेशावर बाजूचा आणि पश्तो म्हणाला तर क्वेट्टा बाजूचा, हे बहुतेक वेळा खरं निघतं. एकच अक्षर, उत्तरेत ख, दक्षिणेत श.

त्यांची उर्दू ऐकून हसू नका. "हमारा बीवी आएगा" असं ते बोलतात. आमच्यासोबतच्या एका लखनौच्या सिस्टरला फार हसू यायचं. मग एकदा मी "दही खट्टी हो गयी" म्हटलं तेव्हा ती माझ्यावरही हसली, आणि त्या दिवसापासून मी पठाणांच्या बाजूची झाले.

नसवार सांगायलाच हवी, कारण ती पुस्तकात नाही. हिरवट ओली तंबाखू, चुना घातलेली, ओठाखाली धरतात. तोंडात थर्मामीटर घालण्याआधी, गोळी देण्याआधी, ऑपरेशनला नेण्याआधी तोंड उघडायला लावा आणि खालचा ओठ बघा. "नसवार?" एवढं विचारलं तरी पुरे. विचारताना कपाळाला आठ्या नकोत. आमच्या मिरजेत निम्म्या आज्या दिवसातून चारदा मिश्री लावतात, आपण कुणाला शिकवायला जाणार?

पंजाबी: लिहिलेलं एक, ऐकू येतं दुसरं

पंजाबी माणूस संख्येनं सगळ्यात जास्त भेटेल आणि सगळ्यात मोठ्यानं बोलेल. त्याची उर्दू चांगली असते, त्यामुळं अडणार नाही. एक खूण सांगते. "मुझे जाना है"ऐवजी "मैंने जाना है" ऐकलंत की समजा पंजाबचा.

त्यांच्या भाषेत घ, झ, ढ, ध, भ हे शब्दाच्या सुरुवातीला हवा सोडत नाहीत, स्वर खाली दाबतात. घर ऐकू येतं "कर"सारखं, भाऊ म्हणजे भ्रा ऐकू येतो "प्रा"सारखा. पोटाला ढिड्ड म्हणतात. मी वहीत ढखाली लिहून ठेवलं होतं आणि पेशंट तर "टिड्ड, टिड्ड" करत होता. दोन दिवस मला वाटलं हा कुठल्या वेगळ्याच अवयवाबद्दल बोलतोय. बाकी सोपं. पीड म्हणजे दुखणं, "पीड कित्थे ए?" गोडा म्हणजे गुडघा, लक्क म्हणजे कंबर, ताप म्हणजे ताप. ळसुद्धा आहे बोलण्यात.

"दिल खराब हो रहा है" म्हणाला तर त्याला बहुतेक वेळा मळमळतंय असं म्हणायचं असतं. ट्रे आधी आणा, तो सतरंजीभर ओकायच्या आत. पण वय चाळिशीच्या वर असेल तर ईसीजीही काढा. मी एकदा दोन मार्क दिले होते, तुम्ही देऊ नका.

सराइकी पंजाबीपेक्षा मवाळ, लांबवत बोलायची. "मैकूं" ऐकू आलं की सराइकी, म्हणजे मला. आमच्या गल्लीतल्या बागवान चाचीही "मेरे कू" म्हणायच्या, तेव्हा मला ती कधी परकी वाटली नाही. मुलतान हे गावही परकं नाही. चेहऱ्याला फासतो ती मुलतानी माती त्याच नावाची.

लालामुसा नावाच्या गावचा एक वयस्क पेशंट मला आठवतो. गुडघ्याचं ऑपरेशन, फिजिओथेरपीला नकार, भिंतीकडं तोंड. मी विचारलं, लालामुसा म्हणजे रोशनआरा बेगमचं ना? तो वळून बसला. रोशनआरा बेगम किराणा घराण्याच्या गायिका, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शिष्या. 1948 मध्ये पाकिस्तानात गेल्या आणि लालामुसाला राहिल्या. आणि खाँसाहेब आमच्या मिरजेचे. 1937 मध्ये गेले, दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे, उरसाला तिथं अजून गाणं होतं. लहानपणी मी तिथं भेळ खायला जायचे, गाणं कानावर पडायचं ते पडायचं. म्हाताऱ्याला मी म्हटलं, तुमचं गाव जंक्शन, माझंही जंक्शन. उठा, वॉकर धरा. उठला.

बलोची, आणि मला लागलेला ब्राहुईचा शोध

बलोची पेशंटला मान देताना "वाजा" म्हणा. "चोन ए?" म्हणजे कसे आहात, पाणी म्हणजे आप, "मिन्नतवार" म्हणजे आभारी आहे. मितभाषी माणसं. माझा बलोचीचा अभ्यास इथंच थांबला, कारण मधेच एक भलतं सापडलं.

बलुचिस्तानातल्या कलात भागातला एक पेशंट. फाइलवर बलोच लिहिलेलं. भूल उतरताना तो आकडे मोजत होता, "असिट, इरट, मुसिट..." आणि पुढं चार, पंज. माझं आजोळ अथणीचं. आई माझ्याशी मराठी बोलायची आणि तिच्या आईशी कन्नड. ओंदु, एरडु, मूरु माझ्या कानात लहानपणापासून आहे. इरट आणि एरडु? मुसिट आणि मूरु? मी भूलतज्ज्ञांना सांगितलं तर ते म्हणाले, सिस्टर, झोप झाली नाही वाटतं तुमची.

तो शुद्धीवर आल्यावर त्याच्याकडून शब्द काढून घेतले. डोळ्याला खन, कन्नडमध्ये कण्णु. तोंडाला बा, कन्नडमध्ये बायि. ही ब्राहुई. बलुचिस्तानच्या मध्यात बोलली जाणारी आणि कन्नड-तमिळ-तेलुगूच्या कुळातली भाषा. ती तिथं कशी पोचली यावर पंडितांची भांडणं आहेत. चारपासून पुढचे आकडे तिनं शेजाऱ्यांकडून उचलले आहेत. मिरज-जत-अथणी पट्ट्यातल्या मुलींना सांगते, असा पेशंट क्वचितच मिळेल, पण मिळाला तर आजीची कन्नड बाहेर काढा. तो उभ्या जन्मात विसरणार नाही.

उत्तरेचे गिलगिट, हुंझा, स्कर्दूचे लोकही येतात. शिना, बुरुशास्की, बल्ती. बुरुशास्कीचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं लागत नाही, बल्ती तिबेटीच्या घरातली. त्यांची उर्दू बरी असते. त्यांच्याशी उर्दूतच बोला.

कागद हातात आला तर

पेशंट गावाकडची चिठ्ठी, औषधाची पिशवी, मोबाइलवरचा मेसेज दाखवतो. वाचता नाही आलं तरी भाषा ओळखता येते. अक्षरांच्या खाली किंवा पोटात बारीक वाटोळी कडी लटकलेली दिसली तर पश्तो. अक्षराच्या डोक्यावर छोटासा ठोकळा, ट-ड दाखवणारा, असेल आणि अक्षरं उतरणीवर घसरल्यासारखी तिरकी असतील तर उर्दू किंवा पंजाबी. एकेका अक्षराला चार-चार ठिपक्यांचा पुंजका आणि ओळ सरळ असेल तर सिंधी. मग त्या भाषेच्या माणसाला हाक मारा. सफाई, किचन, सिक्युरिटी, पार्किंग, कुठंतरी तो असतोच. प्रत्येक पाळीत कोण कुठला आहे याची यादी मी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवायचे. दवाखान्याचा अधिकृत दुभाषा फोनवर मिळेपर्यंत हीच यादी कामाला येते. फक्त संमतीचा फॉर्म सफाईवाल्याकडून समजावून घेऊ नका, तिथं अधिकृत दुभाषाच हवा.

नावं, जन्मतारखा आणि बायका

आपल्याकडं नाव, वडील, आडनाव. तिकडं खेड्यातल्या माणसाला आडनाव असेलच असं नाही. मुहम्मद सुरुवातीला असतं म्हणून त्याला "मुहम्मद" हाक मारू नका, त्याच्यानंतरच्या नावानं मारा. "बीबी" आडनाव नव्हे, "खान" म्हटलं की पठाणच असंही नव्हे. एका रात्री माझ्या वॉर्डात एकाच नावाचे तिघं होते आणि तिघांचीही जन्मतारीख 1 जानेवारी. कागद करताना तारीख माहीत नसली की तीच लागते. आपल्याकडं शाळेत मास्तरांनी निम्म्या गावाला 1 जून चिकटवली, तसंच. तेव्हा नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून रक्त चढवू नका. ओळखपत्राचा नंबर बघा, बापाचं नाव विचारा.

पठाण बाईचं नाव भरल्या वेटिंग रूममध्ये मोठ्यानं पुकारू नका. नवऱ्याचा चेहरा उतरतो, आणि पुढच्या वेळी तो तिला आणतच नाही. टोकन नंबर पुकारा, जवळ जाऊन हळू विचारा. मोठ्या बाईला खाला किंवा अम्मा, बरोबरीच्या बाईला बाजी, सिंध्याला साईं किंवा अदा, पठाण थोरल्याला लाला किंवा काका. "बाई" मात्र नको! आपल्याकडं बाई म्हणजे शाळेतल्या बाई, मान. उर्दूत त्या शब्दाला कोठ्याचा वास आहे. मी एका लाहोरच्या आजींना प्रेमानं "बाई, दवा लो" म्हटलं होतं. सुनेनं मला बाजूला घेऊन समजावलं. ती हसत होती म्हणून निभावलं.

रमजानात पेशंट रोजा लपवतो. साखर 60 वर आली तरी "खाया है सिस्टर" म्हणतो. रागावू नका. आजाऱ्याला रोजा सोडायची मुभा आहे, ते दिवस पुढं भरून काढता येतात, हे त्यालाही माहीत असतं, पण मन धजत नाही. डॉक्टरांना सांगून गोळ्या पहाटेच्या सहरी आणि संध्याकाळच्या इफ्तारीच्या वेळेला बसवता येतात का ते आधी बघा. नसतील बसत तर घरच्या मोठ्या माणसाला नाहीतर त्यांच्या मौलवींना फोन लावून द्या. ते सांगतात तेव्हा ऐकतो.

चहा आणला तर दोन घोट घ्या. पठाणाचा बिनदुधाचा वेलची घातलेला कहवा, पंजाब्याची दूधपत्ती. आपल्याला दूधपत्तीच पटते, खोटं कशाला बोलू.

काय बोलायचं नाही

सीमा, काश्मीर, लष्कर. माझा मावसभाऊ फौजेत आहे, घरात त्याचा युनिफॉर्ममधला फोटो आहे, आणि ते मी वॉर्डात कधी काढलं नाही. त्यांच्यातलेही कितीतरी फौजी घरांतले होते, त्यांनीही काढलं नाही. टीव्हीवर काही सुरू झालं की मी रिमोट घेऊन चॅनल बदलायचे आणि बीपी तपासायला लागायचे. क्रिकेट चालतं, पण सामना सुरू असताना नाही.

निघण्याआधीचा महिना

सगळ्या भाषा शिकायच्या नाहीत. प्रत्येक भाषेतले सात शब्द पुरे: कुठं दुखतं, पाणी, काल, उद्या, हो, नाही, आई. आई यासाठी की शुद्ध हरपलेला माणूस तिलाच हाक मारतो आणि त्यावरून त्याची भाषा कळते. मोर म्हणाला की पठाण. माझं हे दोनदा कामाला आलं आहे. उर्दूचा कान तयार व्हायला त्यांच्या मालिका बघा, पण त्यातली उर्दू शहरी असते, तसा पेशंट शंभरात एक. चमच्यातला च, जहाजातला ज, ण, ळ यांचा माज करू नका, पण लपवूही नका. हिंदी शाळेत शिकताना आपल्याला ते उच्चार दाबायला लावले जातात, इथं ते सोडायचे.

ड्युटी संपवून पर्स खांद्याला लावली की पठाण पेशंट म्हणेल, "स्तडे मा शे." थकू नकोस, असा त्याचा अर्थ. भेटताना, निघताना, शेतात काम करणाऱ्याला वाटेवरून जातानाही ते हेच म्हणतात. मी पहिली दोन वर्षं "शुक्रिया" म्हणत राहिले. त्याला उत्तर आहे "ख्वार मा शे", तुझे हाल न होवोत. बाईला म्हणताना "ख्वारा" म्हणायचं.